व्हॉल्व्हच्या टोकावरची रेघ

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘इंजिनाची भूमिती’ असे कळवले होते. निमंत्रणपत्रिकेत त्यापुढे ‘चिंतनपर व्याख्यान’ असे छापून आले आहे. त्यांना तो शब्दप्रयोग रूपकात्मक वाटला असावा. तसे काही नाही. मी बेंगळुरूमध्ये जुन्या मोटारींची इंजिने उघडण्याचे, मोजण्याचे आणि पुन्हा जुळवण्याचे काम करतो, आणि आज खरोखरच इंजिनातील भूमितीविषयी बोलणार आहे. वर्तुळ, जीवा, कंस, लंब यांपलीकडचे त्यात काही येणार नाही. ते सारे आपण याच इमारतीत शिकलो.

ज्यांनी इंजिन कधी उघडे पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला किमान दोन झडपा असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दुसरीतून जळलेला वायू बाहेर पडतो. आम्ही त्यांना व्हॉल्व्ह म्हणतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात या व्हॉल्व्हना उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. म्हणून मध्ये एक साखळी लागते. कॅमच्या उंचवट्याने टॅपेट वर ढकलला जातो, टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब काडीला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक खाली येऊन व्हॉल्व्हच्या दांडीला दाबते. रॉकर म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातील तरफ. तिचा टेकू म्हणजे रॉकरचा शाफ्ट. व्हॉल्व्ह परत बंद करण्याचे काम स्प्रिंग करते. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल तर हा सारा व्यवहार प्रत्येक व्हॉल्व्हपाशी सेकंदाला ५० वेळा पार पडतो; आपल्या घरातील विजेची आवर्तनेही तेवढीच.

(मैसूरला १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या जावा मोटारसायकलींना व्हॉल्व्हच नव्हते, कारण त्यांचे इंजिन टू-स्ट्रोक होते. माझे मैसूरचे स्नेही यावरून मला अजून चिडवतात.)

मी ज्या इंजिनाविषयी बोलणार आहे ते प्रीमिअर पद्मिनीचे. येथे बसलेल्या निम्म्या लोकांनी त्या गाडीतून प्रवास केला असेल. १९६४ मध्ये ती ‘फियाट ११०० डिलाईट’ या नावाने आली, दहा वर्षांनी ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. तिच्या इंजिनाची क्षमता १,०८९ घनसेंटिमीटर, सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी., पिस्टनची धाव ७५ मि.मी. आणि ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. तरीही मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर ज्या मोटारशर्यती होत, त्यांत याच फियाट गाड्या इंजिने सुधारून उतरवल्या जात आणि बेंगळुरूचे चालक व कारागीर तेथे हजर असत.

ही गाडी कुर्ल्याची खरी, परंतु बेंगळुरूशी तिचे एक नाते आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली आणि १९४४ मध्ये मुंबईला प्रीमिअर ऑटोमोबाइल्स. विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतला आणि पुढच्या वर्षापासून तेथे अमेरिकन सैन्याच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. त्यांत कॅटॅलिना ही पाण्यावर उतरणारी विमाने होती. कॅटॅलिनाच्या प्रत्येक इंजिनाला ताऱ्याच्या आकारात मांडलेले १४ सिलिंडर, म्हणजे २८ व्हॉल्व्ह, २८ पुशरॉड, २८ रॉकर. त्या काळी विमानपुऱ्यात काम करणाऱ्या कारागिरांना रॉकरची भूमिती शिकावीच लागली असणार, कारण आकाशात इंजिन बंद पडल्यास गाडी बाजूला घेता येत नाही. पुढे पन्नाशीच्या दशकात एचएमटी आणि मायको आल्या, १९६२ मध्ये यंत्रहत्यारांची केंद्रीय संस्था तुमकूर रस्त्यावर उभी राहिली, नंतर पीण्याची औद्योगिक वसाहत वाढली. शंभरांश मिलिमीटर ही भाषा बोलणारी माणसे या शहरात गल्लोगल्ली भेटतात ती अशी. जे. सी. रोडच्या मागच्या एखाद्या बोळात कन्नड, तमिळ आणि दख्खनी यांच्या मिश्रणात चाललेला वाद नीट ऐकला, तर तो बहुधा दोन शंभरांशांवरून चाललेला असतो. ‘मेस्त्री’ हा शब्द मात्र तेथेही आपलाच आहे.

आता मूळ विषयाकडे येतो.

शर्यतीसाठी इंजिन सुधारायचे म्हणजे काय करायचे? हेडचा तळ घासून दाब वाढवायचा. कॅम पुन्हा ग्राइंड करून व्हॉल्व्हचा उठाव वाढवायचा. मोठे व्हॉल्व्ह बसवायचे, त्यासाठी सीट कापायच्या. स्प्रिंगा कडक घालायच्या. यांतील प्रत्येक काम वेगळा माणूस करतो आणि आपापल्या जागी चोख करतो. हेड फेसिंग करणारा सांगतो, ०.८ मि.मी. काढले. कॅमवाला सांगतो, नाकाची उंची तशीच ठेवून पायथ्याचे वर्तुळ लहान केले. व्हॉल्व्ह बसवणारा सांगतो, एकही गळत नाही. ही सगळी कामे एकत्र आल्यावर रॉकर कोणत्या कोनात उभा राहिला, हे पाहणे मात्र कोणाच्याच बिलात नसते.

या साखळीचे दोन भाग मनात वेगळे करावे लागतात. टॅपेटपासून रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकापर्यंतचा तो खालचा भाग. रॉकरच्या टेकूपासून व्हॉल्व्हच्या टोकापर्यंतचा तो वरचा. हेडचा तळ घासला की हेड ब्लॉकच्या जवळ येते आणि पुशरॉड तेवढ्याने लांब ठरतो. टेकू आणि व्हॉल्व्ह दोन्ही हेडवरच असल्यामुळे वरच्या भागात फरक पडत नाही. कॅमचे पायथ्याचे वर्तुळ लहान केले की टॅपेट खाली बसतो आणि पुशरॉड आखूड ठरतो. या दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. वरच्या भागाचे तसे नाही. सीट खोल कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो आणि त्याचे टोक तेवढेच वर येते. दुसऱ्या इंजिनाचा लांब व्हॉल्व्ह घातला तर टोक आणखी वर येते. पद्मिनीच्या इंजिनात रॉकरचा शाफ्ट ठरावीक उंचीच्या स्टँडवर बसलेला असतो, तो काही आपणहून वर जात नाही.

आणि रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाला एक स्क्रू असतो. टॅपेट सेटिंग करायचे ते यानेच. फटीत फीलर गेज घालायचा, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. हा स्क्रू फार उपकारी आणि फार घातक आहे. वरच्या भागात मिलिमीटरांची चूक असली तरी तो तीन-चार आटे फिरतो आणि ती गिळून टाकतो. फट बरोबर येते, इंजिन सुरू होते, आवाजही गोड येतो.

अशी एक पद्मिनी माझ्याकडे आली. गाडी मालकाच्या वडिलांची. वडिलांनी ती तीस वर्षे चालवली आणि मुलाने जुन्या गाड्यांच्या शर्यतीसाठी दुसरीकडे इंजिन बांधून घेतले. काही शे किलोमीटरांतच निळसर धूर येऊ लागला. उघडून पाहिले तर व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून वरखाली होते ती गाइड नवी असूनही अंडाकृती झिजली होती, आणि आठही गाइड एकाच दिशेने झिजल्या होत्या. मालकांचे म्हणणे सरळ होते: गाइडचा माल खराब निघाला, तेवढ्या बदलून द्या, पुढच्या महिन्यात शर्यत आहे.

माल खराब असता तर झीज कशीही, कोठेही असती. आठही गाइड एका दिशेला झिजतात तेव्हा कोणीतरी व्हॉल्व्हला त्या दिशेला ढकलत असते.

हे ढकलणे समजून घेण्यासाठी नववीची भूमिती पुरते. रॉकर टेकूभोवती फिरतो, म्हणून त्याचे टोक सरळ खाली जात नाही, ते वर्तुळाच्या कंसावरून जाते. व्हॉल्व्ह मात्र गाइडमध्ये सरळ रेषेत जातो. कंस आणि सरळ रेषा यांतील जो फरक, तेवढे रॉकरचे टोक व्हॉल्व्हच्या टोकावरून आडवे घासत सरकते. हे सरकणे शून्य करता येत नाही, कमीत कमी मात्र करता येते. कसे? केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे प्रमेय आपण सर्वांनी सिद्ध केले आहे. येथे जीवा म्हणजे व्हॉल्व्हचा उठाव. केंद्रातून तिच्यावर टाकलेला लंब तिला दुभागणार, म्हणजे व्हॉल्व्ह बरोबर अर्धा उघडलेला असताना रॉकरची रेषा व्हॉल्व्हच्या अक्षाशी काटकोनात असली पाहिजे. तसे झाले तर टोक आधी थोडे बाहेर जाते आणि तेवढेच परत येते.

ही रेषा कोठून कोठे काढायची, यावर कारागिरांत बरेच गैरसमज आहेत. अनेकजण ती टेकूपासून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या स्पर्शबिंदूपर्यंत काढतात. परंतु रॉकरच्या टोकाचे पॅड गोलाईचे असते आणि स्पर्शबिंदू त्या गोलाईवरून सरकत राहतो. म्हणून रेषा टेकूच्या केंद्रापासून पॅडच्या गोलाईच्या केंद्रापर्यंत काढावी. टोकाला रोलर असेल तर रोलरच्या पिनेपर्यंत.

आता आकडे घेऊ. टेकूपासून ते केंद्र ३५ मि.मी. दूर आहे आणि उठाव ९ मि.मी. आहे असे समजा. काटकोन बरोबर मध्यावर असेल तर वर ४.५ आणि खाली ४.५. पायथागोरसच्या प्रमेयाने आडवे सरकणे येते ०.२९ मि.मी. तोच काटकोन चुकीच्या जागी, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना आला, तर सगळे ९ मि.मी. एकाच बाजूला पडतात आणि सरकणे होते १.१८ मि.मी.; चौपट. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतच्या या उंचीला आपल्या जुन्या गणितात ‘शर’ म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त जीवा, शर आणि व्यास यांचा हिशेब आलेला आहे, आणि तो ग्रंथ सन ११५० चा. मला लागणारे सूत्र तेच. अर्धी जीवा दुप्पट झाली की शर जवळजवळ चौपट होतो.

येथपर्यंतचे पुष्कळांना ठाऊक असते. माझे आजचे खरे सांगणे याच्या पुढचे आहे. या दुसऱ्या, बिघडलेल्या स्थितीत रॉकर तेवढ्याच कोनातून फिरला तर व्हॉल्व्हचा उठाव किती कमी होतो? हिशेब करून पाहा: ९ मि.मी. ऐवजी ८.९३. म्हणजे एक दशांश मिलिमीटरही नाही. इंजिन बांधताना प्रत्येकजण डायल गेज लावून उठाव मोजतो, तो आकडा वहीत लिहितो आणि पुढे जातो. सरकणे चौपट झाले तरी तो आकडा जवळपास जागचा हलत नाही. सर्वजण ज्या मोजमापावर विश्वास ठेवतात ते या रोगाविषयी गप्प बसते.

मग बोलते कोण? व्हॉल्व्हच्या टोकावरची रेघ. पद्धत अशी. नेहमीच्या कडक स्प्रिंगा काढून तेथे हलक्या स्प्रिंगा घालायच्या, म्हणजे इंजिन हाताने सावकाश फिरवता येते. व्हॉल्व्हच्या टोकावर निळी मार्किंग शाई लावायची. इंजिन काही पूर्ण फेऱ्या फिरवायचे आणि रॉकर काढून भिंगातून पाहायचे. पॅड जेथे घासले तेथील शाई पुसली जाऊन एक चकचकीत पट्टा उमटतो. त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे सरकण्याची नोंद. अरुंद रेघ आली तर भूमिती बरोबर.

रेघ टोकाच्या मधोमध आहे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि दुय्यम आहे. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण रेघ मध्ये आणण्याच्या नादात तिला रुंद करणारे पुष्कळ पाहिले आहेत. मधोमध आलेला रुंद पट्टा पाहून त्यांना समाधान वाटते. अरुंद रेघ थोडी बाजूला असली, पण कडेपासून दूर असली, तर मी ती तशीच राहू देतो.

रेघ कोणत्या दिशेने सरकते तेही पाहावे. अर्ध्या उठावापर्यंत टेकूपासून दूर जाऊन नंतर जवळ परत येत असेल तर ठीक. संपूर्ण उघडण्यात ती दूरच जात राहिली तर व्हॉल्व्हचे टोक टेकूच्या मानाने फार वर आहे. जवळच येत राहिली तर फार खाली.

त्या पद्मिनीत ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत दूरच जात होती. व्हॉल्व्ह दुसऱ्या इंजिनाचे, मुळापेक्षा ४ मि.मी. लांब. सीट पुन्हा पुन्हा कापल्यामुळे टोक आणखी १ मि.मी. वर. उठाव ८ वरून ९ मि.मी. केल्यामुळे टोक अर्धा मिलिमीटर वर हवेच होते, ते वजा केले. उरली साडेचार मिलिमीटरांची चूक. अॅडजस्टिंग स्क्रू साडेतीन आटे मागे घेऊन तिच्यावर पांघरूण घातलेले होते. नव्या गाइड घालून गाडी दिली असती तर त्याही तशाच झिजल्या असत्या. नुसत्या झिजल्या असत्या तरी एक वेळ चालले असते. गाइड सैल झाली की व्हॉल्व्ह सीटवर वाकडा आपटतो, सेकंदाला पन्नास वेळा. दांडी आणि डोके यांच्या सांध्यावर ताण येत राहतो आणि एखाद्या दिवशी डोके तुटून सिलिंडरमध्ये पडते. त्यावर पिस्टन आदळतो. वेगात असलेल्या गाडीचे इंजिन क्षणात जाम होते, मागची चाके धरली जातात, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हे कळायला वेळ नसतो. म्हणून मालकांना मी स्पष्ट सांगितले की फक्त गाइड बदलून मी ही गाडी देणार नाही.

मालक नाराज झाले. त्यांचा राग मला समजत होता. एकदा पैसे देऊन झाले होते, शर्यतीचे शुल्क भरले होते, आणि मी सांगत होतो की मला आधी दोन दिवस नुसते मोजायचे आहे. मोजण्याचे पैसे देणे कोणालाच आवडत नाही. नवा कॅम दाखवता येतो, मोठा कार्ब्युरेटर दाखवता येतो. मोजमाप करून भाग पुन्हा जागेवर ठेवला तर दाखवायला काहीच उरत नाही. त्यांच्याबरोबर त्यांचे वडीलही आले होते. ते बाकावर बसून सगळे ऐकत होते. त्यांनी रेघ पाहायला मागितली. मी आठही टोके भिंगाखाली दाखवली आणि कागदावर एक वर्तुळ काढून त्यात जीवा काढली. ते म्हणाले, “ही आकृती आम्ही फळ्यावर काढायचो.” मग मुलाकडे वळून म्हणाले, “शर्यत पुढच्या वर्षीही असेल.” मुलाला ते पटले असे नाही, पण गाडी राहिली.

उपाय काय केला ते सांगतो. व्हॉल्व्हचे टोक साडेचार मिलिमीटर घासणे शक्य नव्हते. टोकावरचा कठीण केलेला थर पातळ असतो आणि त्याच्या खाली व्हॉल्व्ह लॉकची खाच असते. म्हणून टेकू वर नेला. रॉकर स्टँडच्या खाली घालायला साडेचार मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या कापून सरफेस ग्राइंडरवर एकसारख्या केल्या. ज्या स्टँडमधून रॉकरकडे तेल चढते त्या पट्टीला तेवढ्याच मापाचे भोक पाडले. हे विसरले तर रॉकर कोरडे चालतात. स्टड लांब घातले. आणि एवढे झाल्यावर, आधी नव्हे, पुशरॉडकडे वळलो. टेकू वर गेला की पुशरॉड आखूड पडतात. हेडची घासणी आणि कॅमचे लहान झालेले वर्तुळ हिशेबात धरून मापे आली ती मुळापेक्षा ४ मि.मी. अधिक. लांबी कमीजास्त करता येईल असा एक पुशरॉड मोजण्यासाठी आम्ही करून ठेवला आहे. त्यावर खात्री करूनच आठ पुशरॉड करवले. वरचा भाग आधी, खालचा नंतर, हा क्रम उलटा केला की तेच काम दोनदा करावे लागते.

रॉकरची उंची आणि कॅम बदलल्यावर आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय हेड आवळू नये. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातील अंतर. पिस्टन वर येतो तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो आणि इनलेट उघडू लागलेला असतो. दोघे एकमेकांना अगदी जवळून चुकवतात. त्यासाठी आधी पिस्टन सर्वांत वर नेमका केव्हा असतो ते शोधावे लागते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. माथ्याशी आल्यावर क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळपास हलत नाही. नुसत्या नजरेने किंवा डायल गेजने ‘हा माथा’ असे ठरवणारा दोन-तीन अंशांनी सहज चुकतो. म्हणून क्रँकच्या टोकाला एक मोठा कोनमापक लावायचा. तो आपल्या कंपासपेटीतलाच, फक्त ३६० अंशांचा. सिलिंडरवर एक अडसर लावायचा, म्हणजे पिस्टन माथ्यापर्यंत पोहोचणारच नाही. क्रँक एका दिशेने अडेपर्यंत फिरवून आकडा लिहायचा, मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरा. दोन्हींच्या बरोबर मध्ये माथा. पिस्टन जेथे हळू चालतो तेथे मोजायचे नाही, जेथे झपाट्याने चालतो तेथे दोनदा मोजायचे आणि दुभागायचे.

नंतर पिस्टनच्या डोक्यावर चिकणमातीच्या पट्ट्या ठेवायच्या. ही माती शिशुवर्गातल्या मुलांना खेळायला देतात तीच. मी ती स्टेशनरीच्या दुकानातून आणतो आणि दुकानदार दर वेळी नातवाची चौकशी करतो. मातीला तेलाचे बोट लावायचे, म्हणजे ती व्हॉल्व्हला चिकटत नाही. हेड बसवून, आवळून, फटी ठरवून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवायचे. उघडल्यावर मातीत व्हॉल्व्हची छाप उमटलेली असते. ती धारदार पात्याने कापून सर्वांत पातळ जागी जाडी मोजायची. इनलेटला २ मि.मी. आणि एक्झॉस्टला २.५ मि.मी. एवढी जागा मी किमान मानतो. एक्झॉस्ट अधिक तापून अधिक लांब होतो. शिवाय वेग वाढल्यावर स्प्रिंग मागे पडू लागली तर पिस्टन त्याचा पाठलाग करीत असतो. आमच्या या इंजिनात एक्झॉस्टला १.६ मि.मी. मिळाले. पिस्टनच्या डोक्याची जाडी मोजून, ती पुरेशी आहे असे पाहून, खाचा १ मि.मी.ने खोल केल्या.

पूर्ण उठावाला स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसत नाहीत ना, स्प्रिंगची वाटी गाइडच्या टोकाला टेकत नाही ना, वर उचललेले रॉकर झाकणाला लागत नाहीत ना, याही तपासण्या असतात. त्यांत भूमिती नाही, नुसता डोळा लागतो.

नव्या गाड्यांत यातले बरेचसे उरलेले नाही. बहुतेकांत कॅम वरच आले, पुशरॉड गेले, फटी आपोआप जुळू लागल्या. आमच्या काळातली मारुती एस्टीम ही मधली पायरी. कॅम वर, तरी रॉकर आणि स्क्रू शिल्लक होते. शर्यतींत ती खूप धावली. पद्मिनीची निर्मिती थांबून पाव शतक होत आले. अशा इंजिनांचे सुटे भाग आता मिळेल तेथून गोळा करावे लागतात, एकाचा व्हॉल्व्ह दुसऱ्याला घालावा लागतो, आणि म्हणूनच कारखान्याने ठरवलेल्या मापांवर विसंबणे आज पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. पुस्तकातले माप पुस्तकातल्या भागांसाठी असते.

ती गाडी त्या वर्षीच्या शर्यतीत नव्हती. पुढे सुमारे दोन हजार किलोमीटर चालल्यावर मालकांनी ती तपासणीला आणली. आम्ही झाकण उघडून रॉकर उतरवले. आता शाईची गरज नव्हती, धातूवरच खूण उमटलेली होती. आठही टोकांवर अरुंद रेघ, मध्यापासून किंचित बाहेरच्या अंगाला. स्प्रिंगा उतरवून व्हॉल्व्ह गाइडमध्ये आडवे हलवून डायल गेजने पाहिले. जुळणीच्या दिवशी लिहिलेल्या आकड्यांत फरक नव्हता. सगळी मापे, पट्ट्यांची जाडी, पुशरॉडची लांबी, मातीची जाडी, एका शंभर पानी वहीत लिहून ती वही मी मालकांकडे दिली आहे. पुढे ती गाडी कोणत्या मेस्त्रीच्या हाती जाईल ते सांगता येत नाही, आणि त्या पट्ट्या तेथे का आहेत हे त्याला कळले नाही तर तो त्या काढून टाकील. वहीच्या पहिल्या पानावर वर्तुळाची ती आकृती मालकांच्या वडिलांनी स्वतः काढून दिली; त्यांचे वर्तुळ माझ्यापेक्षा गोल येते.

मी येताना एक रॉकर, चुकीच्या रेघेचा एक व्हॉल्व्ह आणि बरोबर रेघेचा एक, असे तिन्ही बरोबर आणले आहेत. प्रयोगशाळेच्या टेबलावर भिंगासह मांडून ठेवतो. मुलांनी हातात घेऊन पाहावेत; हात तेलकट होतील, कोपऱ्यात जुने कापड ठेवले आहे.